दर हिवाळ्यात गिटार खरखरते? आधी ॲलन की खाली ठेवा

ठाणे-नवी मुंबईत अकूस्टिक गिटारच्या खरखरीचं वेळापत्रक ठरलेलं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तक्रार येते ती तारा वर गेल्याची. बोटं दुखतात, एफचा बार कॉर्ड काही केल्या वाजत नाही. मग कुणीतरी सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी, घासून देतं, कुणी ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या (गिटारच्या मानेच्या) आतला ॲलन कीने फिरणारा गज, आवळून देतं, आणि गिटार हाताला एकदम हलकी लागायला लागते. गणपती, नवरात्र, दिवाळी सगळं छान पार पडतं. डिसेंबरात हवा कोरडी झाली की तीच गिटार सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड, तारेवर खर्र करते. मग सॅडलखाली कागदाची घडी जाते, आणि पुढच्या जूनमध्ये तारा परत वर.

या फेऱ्यात अडकलेल्या बहुतेक गिटारी मुळात धडधाकट असतात. दुरुस्ती भलत्या ऋतूत किंवा भलत्या जागी झालेली असते, म्हणून ती टिकत नाही. तेव्हा काहीही फिरवण्या-घासण्याआधी खरखर नेमकी कुठे होते ते शोधायचं. त्यासाठी लागतं काय? कॅपो (नेकवर आडवा बसून तारा दाबून धरणारा चिमटा), अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, प्रिंटरचे दोन-चार कोरे कागद आणि एक मुदत संपलेलं एटीएम कार्ड. आणि हो, गिटार आधी नीट सुरात लावून घ्या. अर्धा सूर खाली लावलेली गिटार तपासून काहीच कळत नाही, कारण तारांचा ताण कमी झाला की त्या जास्त झुलतात आणि फ्रेटला, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांना, लागतात.

खरखर तारेची आहे की आणखी कशाची?

फ्रेटला घासणाऱ्या तारेचा आवाज छेडण्याच्या जोरावर अवलंबून असतो. जोरात मारली की वाढतो, हलक्या हाताने छेडली की कमी होतो किंवा जातोच. सुटलेल्या एखाद्या भागाची खरखर वेगळी. ती ठरावीक सुराला येते, आणि तोच सूर दुसऱ्या तारेवर काढला तरी येते.

ही परीक्षा सगळ्यात आधी करा. समजा मोकळी पाचवी तार खरखरते. तिचा सूर ११० हर्ट्झचा. तोच सूर सहाव्या तारेवर पाचव्या फ्रेटला मिळतो. तो वाजवून बघा. तिथेही तशीच खरखर आली, तर नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा खुंट्यांकडे जातात), फ्रेट आणि ट्रस रॉड यांच्यावरचा संशय जवळजवळ मिटला. त्या सुराच्या कंपनाला गिटारवरची, गिटारमधली किंवा खोलीतली एखादी वस्तू थरथरते आहे.

खोलीतली, हे मी गमतीने लिहीत नाही. शोकेसची सैल काच, ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडकीचं तावदान, मांडणीवर एकात एक ठेवलेले स्टीलचे पेले, यातलं काहीही मोकळ्या पाचव्या तारेला साथ देतं. गिटार घेऊन जिन्यात या आणि तोच सूर वाजवा. खरखर घरातच राहिली असेल तर दुरुस्ती शोकेसची करायची आहे.

ऐरोलीहून एक कॉलेजची मुलगी गिटार घेऊन आली होती. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं आणि एका ठिकाणी सगळे फ्रेट घासावे लागतील असं सांगितलं होतं. तिचं म्हणणं सरळ होतं, "काका, फक्त तिसरी मोकळी वाजवली की होतं. बाकी कॉर्ड्स क्लीन आहेत." चौथ्या तारेवर पाचव्या फ्रेटला तोच सूर वाजवला, खरखर हजर. मग तिला म्हटलं, तू तिसरी तार छेडत राहा, थांबू नकोस. ती छेडत होती आणि मी एकेका भागावर बोट दाबत होतो. ब्रिजच्या पिना, सॅडल, पिकगार्डचा कोपरा, प्रीॲम्पचं झाकण, बॅटरीचा कप्पा, पट्ट्याचं बटण. काही फरक नाही. हेडस्टॉकवर आलो. एका खुंटीच्या बुडाशी, हेडस्टॉकच्या पुढच्या बाजूला जो षटकोनी नट असतो, त्यावर बोट ठेवलं आणि आवाज बंद. बोट उचललं, परत सुरू. नखाने ढकललं तर खालचं वॉशर फिरत होतं. बहुतेक बंद खुंट्यांना तिथे १० नंबरचा पाना लागतो. जेमतेम आवळला, काम झालं. हा नट जोर लावून आवळू नका, वॉशरखालची पॉलिश तडकते.

तिथे काही सापडलं नाही तर आणखी काही जागा बघा. खुंटीतून बाहेर राहिलेली तारेची लांब शेपटी शेजारच्या तारेला लागते. पिकअपची वायर आतून सुटून टॉपला, म्हणजे गिटारच्या पुढच्या फळीला, टेकते. ब्रिजच्या पिनेखाली तारेचा गोळा नीट बसलेला नसतो. साउंडहोलमधून पडलेलं पिक आत फिरत असतं. हेडस्टॉकवर क्लिप ट्यूनर आणि कॅपो लटकवून ठेवणारे तर निम्मे लोक असतात, ते दोन्ही आधी काढा. शर्टाचं बटण गिटारच्या पाठीला लागूनही खरखर होते, आणि ती फक्त तुम्ही वाजवताना होते, दुसऱ्याने वाजवली की होत नाही. आतली एखादी पट्टी, म्हणजे ब्रेस, सुटली असेल तर टॉपवर बोटाच्या पेराने ठिकठिकाणी टकटक केल्यावर एका जागी फाटका आवाज येतो. ते काम कारागिराचं.

हात आणि तारा

यावर फार वेळ घालवत नाही. बोट फ्रेटच्या लगेच मागे हवं. दोन फ्रेटच्या मधोमध ठेवलं तर जास्त दाब लागतो, आणि तो कमी पडला की खरखर होते. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका, किंवा दुसऱ्या कुणाला वाजवायला द्या.

तारांचं मात्र सांगायलाच हवं. १२ ते ५३ गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी) तारा काढून १० ते ४७ च्या घातल्या की ताण बराच उतरतो. नेक पुढे ओढणारी शक्ती कमी होते, रॉड मात्र पूर्वीइतकाच आवळलेला राहतो. परिणामी नेक सपाट होते किंवा थोडी मागे झुकते, आणि वर त्या सैल तारा जास्त झुलतात. दुकानात 'हलक्या टाकून देतो' म्हणून तारा बदलल्या आणि त्याच संध्याकाळपासून खरखर सुरू झाली, असं असेल तर पुढचं वाचण्याआधी आधीच्या गेजच्या तारा घालून बघा.

आपल्या दमट हवेत तारा गंजतातही लवकर. जाड तारांवरचं वेटोळं कुठेतरी सैल झालं की ती तार स्वतःच भुरभुरते, कुठल्याही फ्रेटला. नवी तार घालताना ती खुंटीजवळ आधी काटकोनात वाकवा आणि मग कापा. न वाकवता कापली तर वेटोळं सुटायची शक्यता असते. आणि खुंटीवर दोन-तीन वेढे खालच्या दिशेने उतरू द्या. वेढे वरच्या दिशेने गेले की तार नटवर नीट दाबून बसत नाही आणि तिथेच झणझणते.

कुठल्या फ्रेटला होते, ते लिहून काढा

आता खरी तपासणी. प्रत्येक तार मोकळी, मग पहिल्या फ्रेटपासून चौदाव्यापर्यंत एकेक सूर, सारख्याच जोराने. जिथे खरखर होईल तिथे कागदावर फुली. सहा ओळी, पंधरा रकाने. कंटाळवाणं काम आहे, पण या फुल्यांच्या आकारातूनच निम्मं निदान होतं.

फुल्या फक्त मोकळ्या तारांच्या रकान्यात असतील आणि पहिला फ्रेट दाबला की आवाज साफ येत असेल, तर नटची खाच खोल गेली आहे. खात्रीसाठी ती तार तिसऱ्या फ्रेटला दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तार आणि फ्रेट यांच्यात केसाएवढी फट दिसायला हवी. वरून टिचकी मारली की बारीक 'टिक' ऐकू यायला हवं. तार फ्रेटवर टेकलेलीच असेल तर खाच खोल. तात्पुरतं तार सैल करून खाचेत कागदाची अगदी बारीक पट्टी घाला. खरखर थांबली तर निदान पक्कं. सुपरग्लू आणि खायच्या सोड्याने खाच भरून पुन्हा कोरायची पद्धत आहे आणि ती चालतेही, पण कोरायला योग्य जाडीची फाइल लागते. ती नसेल तर नवा नट बसवून घेणं बरं.

नटची आणखी एक भानगड आहे. खाच खोल नसते, पण तिचा तळ फ्रेटबोर्डच्या बाजूला उतरता किंवा सपाट झालेला असतो. तार खाचेच्या पुढच्या कडेवरून न सुटता आतल्या तळाला घासत राहते आणि मोकळ्या तारेला चक्क सतारीसारखा झंकार येतो. सतारीच्या आणि तंबोऱ्याच्या घोडीवर हेच मुद्दाम केलेलं असतं. रुंद घोडीला अगदी किंचित गोलाई देऊन तार तिच्यावर घासत ठेवायची, म्हणजे जवारी खुलते. मिरजेतले कारागीर ती जवारी काढण्यासाठी काय कष्ट घेतात ते बघितलेल्या माणसाला गिटारची ही खरखर चटकन ओळखू येते. गिटारच्या सॅडललाही असंच होतं. माथा झिजून सपाट झाला, त्यावर तारेची घळ पडली, की त्या तारेच्या सगळ्याच सुरांना जवारी येते. उपाय एकच, तार अगदी एका कडेवरून सुटेल असा उतार काढून घेणे.

फुल्या पहिल्या ते पाचव्या फ्रेटच्या पट्ट्यात दाटल्या असतील तर नेकचा बाक कमी आहे. बाराव्याच्या पुढेच असतील तर सॅडल खाली गेलं आहे, किंवा नेक जिथे बॉडीला मिळते तिथे फ्रेटबोर्डला उंचवटा आला आहे. सगळीकडे विखुरलेल्या असतील तर तारांची उंची, म्हणजे ॲक्शन, एकूणच कमी.

आणि एकाच तारेवर एक-दोनच फुल्या असतील तर त्या फ्रेटच्या पुढचा फ्रेट वर आलेला असतो. लक्षात ठेवा, तिसऱ्याला दाबल्यावर खरखर होत असेल तर संशयित चौथा. इथे एटीएम कार्ड कामाला येतं. कार्डाची लांब कड ८५.६ मिलिमीटर आणि आखूड कड जवळपास ५४ मिलिमीटर असते. नटकडच्या पहिल्या तीन-चार फ्रेटवर लांब कड एकावेळी तीन फ्रेटवर टेकते, पाचव्याच्या पुढे आखूड. कार्ड उभं धरून तीन फ्रेटवर ठेवा आणि दोन्ही टोकांना आळीपाळीने हलकेच दाबा. डुगडुगलं तर मधला फ्रेट उंच. तारा बाजूला सारून हे प्रत्येक तारेच्या रेषेत करा, कारण फ्रेट बहुतेक वेळा एका टोकालाच उचललेला असतो. कार्डावर उठावाची अक्षरं असतील तर ती बाजू टाळा, आणि कड सरळ आहे की नाही ते आधी काचेवर ठेवून बघा. उचललेला फ्रेट दाबून बसवणं, घासून समपातळीत आणणं आणि मग त्याला पुन्हा गोलाई देणं हे कारागिराकडेच करून घ्या. घरी कानशीने फ्रेट घासणाऱ्यांना मी समजावणं सोडून दिलं आहे.

दाबलेल्या फ्रेटचीच झीज झाली असेल तरीही असंच होतं. जी, सी, ई मायनर हे कॉर्ड जिथे पडतात त्या पहिल्या तीन फ्रेटवर तारेखाली खड्डे दिसतात. नखाने चाचपले तरी कळतात.

बाक मोजा, मगच रॉडकडे बघा

नेक अगदी सरळसोट नको असते. तार मधोमध सगळ्यात जास्त झुलते, म्हणून नेकला पुढच्या बाजूला किंचित बाक हवा. मोजायचं असं: गिटार वाजवताना धरता तशीच धरा, आडवी ठेवू नका. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि सहावी तार चौदाव्या फ्रेटला दाबा. आता ताणलेली तार हीच तुमची पट्टी झाली. सातव्या फ्रेटच्या आसपास तार आणि फ्रेटमधली फट बघा. प्रिंटरचा साधा ८० जीएसएमचा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. तारेला न उचलता दोन कागद सरकले म्हणजे बाक ठीक आहे. एकही सरकत नसेल तर नेक सपाट किंवा मागे झुकलेली. चार सहज जात असतील तर बाक जास्त झाला. दुचाकीच्या टॅपेट सेटिंगला मेकॅनिक जो फीलर गेज वापरतात तो मिळाला तर कागदांची गरज नाही. स्टेशनजवळच्या हार्डवेअरवाल्याकडे तो असतो.

तारांची उंची बाराव्या फ्रेटवर, कॅपो काढून मोजतात. फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत सहावी तार साधारण २.३ ते २.७ मिलिमीटर, पहिली १.७ ते २. बोटांनी नाजूक वाजवणाऱ्याला याहून कमी चालेल, आरतीला दणादण स्ट्रमिंग करणाऱ्याला चालणार नाही.

आता तो लाडका सल्ला: 'बझ येतोय? रॉड टाइट कर.' बहुतेक वेळा हे बरोबर उलटं असतं. रॉड आवळला की नेक सरळ होते, म्हणजे बाक कमी होतो, म्हणजे पहिल्या पाच फ्रेटमधली खरखर वाढते. तिथल्या खरखरीला रॉड सैल करावा लागतो, घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने. आवळायचा तो बाक जास्त असेल तर. आणि ॲक्शन कमी-जास्त करायला रॉड वापरायचाच नाही, ते सॅडलचं काम. रॉड फिरवला की ॲक्शन थोडी बदलते हे खरं, पण तो दुष्परिणाम आहे.

फिरवायचाच झाला तर नेमकी बसणारी ॲलन की घ्या. बहुतेकांना ४ किंवा ५ मिलिमीटरची लागते, साउंडहोलमधून किंवा हेडस्टॉकवरच्या झाकणाखालून. तारा थोड्या सैल करा, एकावेळी पाव वेढा, पुन्हा सुरात लावा, पुन्हा मोजा. लाकडाला स्थिरावायला रात्रभर द्या. रॉड अडतोय, कुरकुरतोय असं वाटलं तर तिथेच थांबा. तुटलेला रॉड बदलण्याचा खर्च साध्या गिटारच्या किमतीच्या पुढे जाऊ शकतो. काही स्वस्त गिटारींना फिरणारा रॉडच नसतो, हेही आधी बघून घ्या.

मग ती परत परत का येते?

कारण आपण मोजमाप करतो एकदाच, आणि लाकूड वर्षभर हलत असतं. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात आपल्याकडे ती ८० च्या वर सहज जाते, खाडीलगत राहणाऱ्यांना तर हे सांगायला नको. स्प्रूसचा पातळ टॉप पाणी पिऊन रुंदीत फुगतो. कडेने आणि आतल्या पट्ट्यांना चिकटवलेला असल्यामुळे त्याला पसरायला जागा नसते, म्हणून तो वर उचलतो. ब्रिज त्याच्याबरोबर वर जातो आणि तारांची उंची वाढते. हवा कोरडी झाली की टॉप खाली बसतो आणि तारा फ्रेटच्या जवळ येतात. सॅडल जर ऑगस्टमधल्या फुगलेल्या टॉपवर मोजून घासलं असेल, तर डिसेंबरात खरखर ठरलेलीच. प्लायच्या टॉपची गिटार कमी हलते, पण तिचीही नेक हलते. ती कुठल्या बाजूला झुकेल हे लाकडावर अवलंबून असतं, म्हणून मोजल्याशिवाय रॉडला हात नको.

एसीचं घर असेल तर हे वेळापत्रक आणखी बिघडतं. एप्रिल-मेमध्ये बाहेर घामाच्या धारा आणि गिटार ठेवलेल्या बेडरूममध्ये रात्रभर कोरडी थंड हवा. 'काका, बाहेर एवढं दमट, मग गिटार सुकली कशी?' असं घोडबंदर रोडच्या टॉवरमधली मुलं विचारतात. उत्तर बेडरूमच्या भिंतीवर लटकलेलं असतं. फ्रेटची टोकं नेकच्या कडेला हाताला टोचायला लागली तर समजा, लाकूड सुकून आक्रसलं आहे. काहीशे रुपयांचा डिजिटल हायग्रोमीटर गिटारजवळ ठेवा. आकडा सतत ४० च्या खाली दिसला तर भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत घट्ट पिळलेला ओला स्पंज घालून ती केसमध्ये ठेवा. पावसाळ्यात उलट, केसमध्ये सिलिका जेल, आणि ते रंग बदललं की तापवून पुन्हा वापरा. कापडी बॅगेत यातलं काहीच नीट चालत नाही. आणि भर दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत गिटार ठेवू नका. तिथे ब्रिजचा गोंदच सैल होतो.

माझं म्हणणं एवढंच की जून ते सप्टेंबर या काळात सॅडल घासायचं नाही, कितीही बोटं दुखली तरी. फारच झालं तर एक गेज हलक्या तारा घाला, बाक मोजा आणि जास्त झाला असेल तर रॉड पाव वेढा आवळा. बाक, बाराव्या फ्रेटवरची उंची आणि हायग्रोमीटरचा आकडा, हे तीन आकडे जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये लिहून ठेवा. कारागिराकडे जाताना तो कागद आणि फुल्यांचा तक्ता सोबत न्या. 'बझ येतोय, बघा' एवढंच सांगितलं तर तोही बिचारा रॉडपासूनच सुरुवात करेल.

ज्यांच्या गिटारीत दोन ऋतूंमधला फरक अर्ध्या मिलिमीटरहून जास्त येतो त्यांनी सरळ हाडाची दोन सॅडल करून घ्यावीत, एक उंच, एक ठेंगणं. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर फरक हवा असेल तर सॅडलमध्ये एक मिलिमीटर लागतो, हा हिशेब कारागिराला सांगा. सॅडलखाली पिकअपची पट्टी असेल तर दोन्हींचा तळ काटेकोर सपाट हवा, नाहीतर एखादी तार स्पीकरमधून बारीक येते. ओळखायला तळाला पेन्सिलीने 'पावसाळा' आणि 'हिवाळा' लिहा, आणि पहिल्या तारेच्या बाजूला बाण करा, कारण सॅडलचा माथा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो आणि उलटं बसलं तर सूर सरकतात. पावसाळ्यात ठेंगणं, नोव्हेंबरच्या शेवटी उंच. तारा बदलायच्याच असतात, त्याच बैठकीत सॅडलही बदलून होतं.